मावशीच्या ओव्यांची वर्ड फाइल दुरुस्त करताना

मावशीने पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला तेव्हा श्रावण लागून चार दिवस झाले होते. "यात सगळ्या आहेत. सहाशे बेचाळीस. तू फक्त नीट लावून दे," एवढंच ती म्हणाली.

शनिवार पेठेतल्या तिच्या घरी त्या ओव्यांच्या वह्या मी लहानपणापासून पाहत आलेय. मुळशी आणि मावळातल्या शाळांवर तिने २८ वर्षं नोकरी केली. शाळा सुटली की मुलींच्या आज्यांपाशी जाऊन बसायचं आणि त्या म्हणतील त्या ओव्या उतरवून घ्यायच्या, हा तिचा नेम. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात गावोगावच्या बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या कामाबद्दल ती फार आदराने बोलते आणि आपल्या सहाशेंना "माझं मूठभर" म्हणते. ते मूठभर तिच्या पंचाहत्तरीला पुस्तक होऊन यावं, असं आम्ही भाचरांनी ठरवलं. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्याने दिवाळी अंकांची गर्दी सुरू व्हायच्या आत काम करून द्यायचं कबूल केलं. अट एकच होती, पानं आम्ही लावून द्यायची.

"डेमीत बसवा, ताई. साडेआठ बाय साडेपाच इंच. आतल्या बाजूचा समास जरा जास्त सोडा, बांधणीत जातो," छापखान्यातले काका म्हणाले.

मी रोज वर्डमध्ये पत्रं आणि अहवाल करते. एका शनिवार-रविवारात हे होईल असा माझा अंदाज होता. तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जे कळलं ते मराठीत नीट लिहिलेलं मला कुठे सापडलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

फाइल तीन हातांनी झालेली होती. पहिल्या दोनेकशे ओव्या वीस वर्षांपूर्वी एका टायपिंगवाल्याकडून जुन्या फॉन्टात करून घेतलेल्या. मधल्या माझ्या मावसभावाने युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड असलेल्या पद्धतीत, टाइप केलेल्या. उरलेल्या मावशीने स्वतः फोनवर लिहून व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या आणि तिथून उचलून चिकटवलेल्या. तिन्ही भागांचा फॉन्ट वेगळा, ओळींमधलं अंतर वेगळं, समासही वेगळे.

मी आधी तेच केलं जे बहुतेक जण करतात. कंट्रोल-ए, सगळ्याला एकच फॉन्ट, १४ पॉइंट, दोन्ही बाजू सारख्या. त्याबरोबर पहिल्या ७० पानांवर ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा उमटल्या. मी लगेच कंट्रोल-झेड केलं, फाइलची प्रत काढली आणि नावात तारीख घातली. त्यानंतर रोज काम सुरू करण्याआधी एक नवी प्रत, हा नियम ठेवला. तो दोनदा कामी आला.

त्या डॉलरच्या खुणांचं कारण समजायला सोपं आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टात फाइलमध्ये मराठी अक्षर नसतंच. असतो तो इंग्रजी अक्षराचा किंवा एखाद्या चिन्हाचा कोड, आणि फॉन्ट त्या कोडाच्या जागी देवनागरीचा तुकडा काढून दाखवतो. काना एका कळीवर, रफार दुसऱ्या, अर्धा श तिसऱ्या. फॉन्ट बदलला की मूळ कोड उघडे पडतात. हे काही चुकीचं काम नव्हतं. युनिकोड घरोघरी पोचण्याआधी संगणकावरची मराठी छपाई बरीचशी याच वाटेने झाली, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा. मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी ही फॉन्टांची प्रणाली इथलीच. १९८८ मध्ये स्थापन झालेलं सी-डॅक हे सरकारी संगणक संशोधन केंद्रही इथलंच, त्याच्या जिस्ट गटाने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम केलं. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांतून विकली गेलेली कितीतरी पाठ्यपुस्तकं अशाच फॉन्टांतून छापलेली आहेत. फक्त ती अक्षरं आज शोधता येत नाहीत, दुसऱ्या फॉन्टात नेता येत नाहीत. म्हणून तो भाग वेगळा काढला, कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला आणि बाजूला ठेवला. त्याच्याकडे पुन्हा यावं लागलं, ते पुढे सांगते.

मग ते बटण दाबलं, जे खरं तर पहिल्या दिवशी दाबायला हवं होतं. होम टॅबवर उलट्या इंग्रजी पीसारखी एक खूण असते, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि आकडा ८. पडद्यावर एकदम सगळीकडे खुणा दिसायला लागल्या. प्रत्येक स्पेसला ठिपका, टॅबला बाण, परिच्छेद संपतो तिथे तो उलटा पी, शिफ्ट-एंटरने मोडलेल्या ओळीला डावीकडे वळलेला बाण. मला वाटत होतं की मधल्या भागात ओव्या एका रेषेत आत सरकवलेल्या आहेत. प्रत्यक्षात तिथे स्पेसबारचे ठिपके होते, कुठे ११, कुठे १३, कुठे मध्येच एक टॅब. अध्याय नव्या पानावर सुरू होत होते ते पेज ब्रेकने नव्हे, रिकाम्या एंटरच्या रांगांनी. वर एक ओळ वाढली की खालचा अध्याय पानाच्या मध्यात येऊन बसायचा, त्याचं कारण हेच.

यातली सगळ्यात मोलाची खूण तो उलटा पी. परिच्छेदाची मांडणी, म्हणजे कुठून सुरू करायचं, किती अंतर सोडायचं, डावीकडे लावायचं की दोन्हीकडे, ही त्या खुणेत साठवलेली असते. मजकूर दुसरीकडे चिकटवायला निवडताना ही खूण निवडीबाहेर राहिली, तर मांडणी त्याच्याबरोबर जात नाही.

आता ओवीची गोष्ट. या कामात माझा सगळ्यात जास्त वेळ तिच्यात गेला आणि त्याचं मला समाधान आहे.

मावशीच्या वहीत ओवी अशी आहे:

सरलं दळण, सुपी राहिला गं पसा,
माहेराच्या वाटं माझा बंधू दिसना राजसा.

पडद्यावर पहिली ओळ पानभर ताणली गेली होती. 'सरलं' डाव्या टोकाला, 'पसा' उजव्या टोकाला, मध्ये शब्दाशब्दांत बोटभर अंतर. दुसरी ओळ मात्र ठीक. मावसभावाने स्पेस काढून पाहिल्या होत्या, फॉन्ट बदलून पाहिला होता, शेवटी ओळीच्या टोकाला स्पेस देऊन ती भरूनही पाहिली होती. काही ठिकाणी त्याचा उपयोग झाला, काही ठिकाणी नाही.

दोन्ही बाजू सारख्या करायला सांगितल्या की वर्ड परिच्छेदातली प्रत्येक ओळ ताणतो, फक्त शेवटची सोडून. शिफ्ट-एंटरने मोडलेली ओळ ही परिच्छेदाची शेवटची ओळ नसते. परिच्छेद अजून चालूच असतो, म्हणून ती ताणली जाते. त्यामुळे बिघाड स्पेसमध्ये नव्हता, फॉन्टात नव्हता आणि ओळ मोडण्यातही नव्हता. गद्याला दिलेली मांडणी ओवीला लागली होती, इतकंच.

सोपा उपाय म्हणजे प्रत्येक शिफ्ट-एंटर काढून साधा एंटर घालणं. फाइंड अँड रिप्लेसमध्ये ते मिनिटभराचं काम आहे. मी ते केलं नाही. दोन ओळी वेगवेगळे परिच्छेद झाल्या असत्या, तर पान संपतं तिथे पहिली ओळ या पानावर आणि दुसरी पुढच्या पानावर गेली असती. ओवी एकच आहे. जात्याचा दांडा धरलेली बाई पहिल्या ओळीनंतर श्वास घेते, थांबत नाही. तेव्हा एक ओवी म्हणजे एक परिच्छेद, मध्ये शिफ्ट-एंटर, हेच बरोबर होतं. मी 'ओवी' नावाची एक स्टाइल, म्हणजे मांडणीचा नाव दिलेला साचा, केली: डावीकडून लावलेली, अर्धा इंच आत, खाली थोडी जागा आणि 'कीप लाइन्स टुगेदर'वर खूण. या एका खुणेने एकाच परिच्छेदातल्या सगळ्या ओळी एका पानावर राहतात. स्पेसबारच्या ठिपक्यांच्या सगळ्या रांगा रिप्लेसने काढून टाकल्या. ६४२ ओव्यांना स्टाइल लावायला दोन संध्याकाळी गेल्या. त्यानंतर एकही ओवी दोन पानांत तुटली नाही.

ओवीखाली मावशीची टीप असते, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी म्हटली जाते त्याची. टीप ओवीपासून सुटून पुढच्या पानावर जाऊ नये म्हणून ओवीला 'कीप विथ नेक्स्ट' दिलं. इथे सावध राहावं लागतं. लग्नाच्या ओव्यांच्या अध्यायात ही खूण आधीपासून ओव्यांना, टिपांना, गद्यालाही लागलेली होती. सगळेच परिच्छेद पुढच्याला धरून बसलेले, त्यामुळे पानं अर्धी रिकामी सुटत होती आणि मजकूर ढीगाने पुढे उडी मारत होता. खुणा दिसत असतील तर अशा परिच्छेदाच्या डाव्या समासात एक छोटा काळा चौकोन दिसतो. तो छापला जात नाही. मी तो आधीही पाहिला होता, पण बुलेट असेल म्हणून सोडून दिला होता. टिपेवरची खूण काढली आणि अध्याय जागेवर आला.

यानंतर अक्षरांच्या आकाराचा प्रश्न आला, आणि मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. 'ओवी' स्टाइलमध्ये आकार १४ केला. ओव्यांचे इंग्रजी आकडे मोठे झाले, मराठी अक्षरं होती तेवढीच राहिली. पुन्हा केलं, तेच. फाइल बंद करून उघडली, तरी तेच.

देवनागरीत पहिली वेलांटी उच्चाराने नंतरची असून अक्षराच्या आधी बसते, अक्षरं जुळून जोडाक्षरं होतात. अशा लिप्यांना वर्ड 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' म्हणतो आणि त्यांचा फॉन्ट, आकार, ठळकपणा रोमन अक्षरांपासून वेगळा नोंदवतो. फॉन्टची खिडकी उघडली तर दोन वेगळे भाग दिसतात, एक लॅटिनचा आणि एक कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा. स्टाइल बदलण्याच्या खिडकीतही लिपी निवडायची एक छोटी यादी असते. माझी तिथे लॅटिनवर होती. खात्री करून घ्यायला मी फाइलच्या एका प्रतीचं डॉक्सएक्स हे शेपूट बदलून झिप केलं. ही फाइल म्हणजे खरं तर एक पेटीच असते, अशी उघडते. आत स्टाइल्स नावाच्या फाइलमध्ये 'ओवी'च्या नावाखाली आकाराच्या दोन नोंदी होत्या, एक २८ आणि एक २२. हे आकडे अर्ध्या पॉइंटांत असतात, म्हणजे रोमन १४ आणि देवनागरी ११. इतके दिवस मी पहिला आकडा बदलत होते आणि पाहत होते दुसऱ्याकडे. यादीतून सगळ्या लिप्या निवडल्या आणि एका क्षणात पानं बदलली.

जुने, हाताने दिलेले रंग आणि आकार काढायला कंट्रोल-स्पेस आहे, परिच्छेदाची हाताने केलेली मांडणी काढायला कंट्रोल-क्यू. व्हॉट्सॲपवरून आलेल्या भागाला दोन्हींची गरज होती. पण मावशीने बोलीतले शब्द मुद्दाम ठळक केलेले होते, 'इसरली', 'पान्यावानी', 'येसवंत' असे ३०० च्या वर. पुस्तकाच्या शेवटी तिला त्यांचा कोश द्यायचा आहे. कंट्रोल-स्पेसने तो ठळकपणाही पुसला गेला असता. हे लक्षात आलं तेव्हा मी तो भाग निवडून ठेवला होता आणि बोट कळीवर होतं.

तेव्हा आधी ठळक शब्दांना कुंपण घातलं. फाइंडच्या चौकटीत काही न लिहिता फक्त ठळकपणा मागायचा, तोही कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या भागातला, नाहीतर मराठी शब्द सापडतच नाहीत. रिप्लेसच्या चौकटीत दोन हॅश, मग सहाच्या कळीवरची टोपी आणि सातच्या कळीवरची अँडची खूण, मग पुन्हा दोन हॅश. टोपी आणि अँड यांचा अर्थ 'जे सापडलं तेच'. प्रत्येक ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना हॅश बसले. मग निर्धास्तपणे कंट्रोल-स्पेस केलं. त्यानंतर वाइल्डकार्ड, म्हणजे 'मध्ये काहीही असो' असा शोध, चालू करून हॅशमधला मजकूर शोधला आणि त्याला 'बोलीशब्द' नावाची कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे फक्त अक्षरांना लागणारी स्टाइल, दिली, हॅश गेले. आता मावशीने उद्या "ठळक नको, वेगळा फॉन्ट दे," म्हटलं तरी एकाच जागी बदलायचं.

बाकीच्या काही अडचणी लवकर सुटल्या. एका पानावर आडवी रेघ होती, ती निवडता येत नव्हती की पुसता येत नव्हती. तीन हायफन टाइप करून एंटर दाबलं की वर्ड परिच्छेदाला खालची चौकटरेघ देतो. ती बॉर्डर्समधून 'नो बॉर्डर' करून जाते. गावांच्या यादीच्या तक्त्यानंतर शेवटी एक कोरं पान येत होतं, कारण तक्त्यानंतर एक परिच्छेद-खूण असावीच लागते आणि तिला पानावर जागा उरली नव्हती. ती १ पॉइंटची केली. गद्याच्या एका परिच्छेदात बदल केला की सगळीकडे बदलत होता, त्या स्टाइलचं 'ऑटोमॅटिकली अपडेट' काढलं.

पानांच्या माथ्यावरच्या मजकुराने मात्र एक पूर्ण रविवार घेतला. मला प्रत्येक अध्यायाच्या माथ्यावर त्याचं नाव हवं होतं. त्यासाठी मी सेक्शन, म्हणजे स्वतःची पानमांडणी असलेले फाइलचे भाग, वापरले, आणि प्रत्येक चिकटवणीबरोबर एकेक नको असलेला सेक्शन ब्रेक आलेला होता. एक ब्रेक पुसला आणि त्याच्या वरची ३० पानं एकदम ए-फोर आकाराची झाली. पानाचा आकार, समास, माथा हे सगळं त्या सेक्शनच्या शेवटी असलेल्या ब्रेकमध्ये असतं. तो गेला की वरचा मजकूर खालच्या सेक्शनचं रूप घेतो. म्हणजे परिच्छेदाचं जे उलट्या पीमध्ये, तेच सेक्शनचं ब्रेकमध्ये. हे कळल्यावर क्रम बदलला. आधी सगळ्या सेक्शनना डेमीचा आकार आणि सारखे समास दिले, मगच नको ते ब्रेक काढले. नंतर प्रत्येक अध्यायाच्या माथ्यावरचं 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करून नावं घातली. लग्नाचा अध्याय तरीही ऐकेना, जतन केला की समास परत जुने. शेवटच्या सेक्शनची नोंद फाइलच्या अगदी शेवटच्या परिच्छेद-खुणेशी जोडलेली असते. ती शेवटची खूण सोडून बाकी सगळं निवडलं आणि नव्या कोऱ्या फाइलमध्ये चिकटवलं. त्रास तिथेच राहिला.

आता तो युनिकोडमध्ये आणलेला जुना भाग. कन्व्हर्टरने बरंच बरोबर केलं होतं, पण कोशासाठी शब्द शोधताना 'वाऱ्यावर' एकाच भागात सापडायचा. दुसऱ्या भागात तो डोळ्यांसमोर छापलेला असूनही शोधात येत नव्हता. मराठीतला हा 'ऱ्य' दोन प्रकारे लिहिता येतो. एकात त्या र साठी युनिकोडमध्ये असलेलं वेगळं अक्षर, त्याला हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, जो दिसतच नाही, आणि य. कागदावर दोन्ही सारखे, शोधणाऱ्याला दोन वेगळे शब्द. 'सासऱ्याच्या', 'कोपऱ्यात', 'दुसऱ्या' सगळीकडे तेच. हिंदीत हे अक्षर लागत नाही, म्हणून हिंदीसाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये याचा उल्लेख मिळत नाही. मी जुन्या भागातला 'ऱ्य' मजकुरातूनच उचलून फाइंडमध्ये चिकटवला, बाकीच्या भागातला रिप्लेसमध्ये, आणि पूर्ण पुस्तक एका रूपात आणलं.

पण जुन्या भागातल्या त्या दोनेकशे ओव्या तरी वाचूनच तपासायला हव्या होत्या. दोन रविवारी मी मावशीकडे गेले. ती वही समोर न ठेवता डोळे मिटून म्हणायची आणि मी पडद्यावर बोट ठेवून चालायचे. कन्व्हर्टरने गाळलेले रफार असे सापडले, आणि टायपिंगवाल्याने वीस वर्षांपूर्वी गाळलेली एक पूर्ण ओवीही. ती आता ६४३ वी झाली.

पीडीएफ केली, गुणधर्मांत जाऊन फॉन्ट आत बसलेत का ते पाहिलं आणि छापखान्यात नेली. काकांनी दहा पानांचं प्रूफ काढून दिलं. ते घेऊन मी तशीच शनिवार पेठेत गेले. मावशीने चष्मा लावला, पान उजेडाकडे धरलं आणि हलक्या आवाजात म्हणायला लागली. चौथ्या पानावर थांबली.

"इथे ओळ लवकर मोडलीस."

"वहीत अशीच आहे गं."

"वहीच्या कागदाला जागा नव्हती म्हणून तिथे मोडली होती मी. कोंढाबाई 'गं' म्हणून मग दम घ्यायची. 'गं' वरच्या ओळीत घे."

मी लॅपटॉप उघडला, खुणा चालू केल्या, तो डावीकडे वळलेला बाण पुसला आणि 'गं'च्या पुढे शिफ्ट-एंटर दिलं. मावशीने ओवी पुन्हा म्हणून पाहिली, मान हलवली आणि पान उलटलं.